दोन्ही रिपोर्ट नॉर्मल

अळणावर, १९ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप भीमसेन अण्णास मीनाक्षीचा सा. न.

अण्णा, आम्हा फवारणी करणाऱ्यांच्या घरांत आजारी माणसालाच आपला आजार सिद्ध करावा लागतो. गुरुवारी भातावर औषध मारून हे आले ते लाळ गाळत, घामानं चिंब, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. दवाखान्यानं रक्त धारवाडच्या लॅबमधून तपासून आणलं. रिपोर्ट म्हणे नॉर्मल. मग मालक चारचौघांत म्हणाला, प्यायला असेल. ह्यांनी दारूला कधी हात लावलेला नाही. सोमवारी पुन्हा पंप पाठीवर घ्यायला सांगतोय. मी पाठवणार नाही. तुझी लेक उत्तरा त्याच लॅबमध्ये आहे ना? तिला विचार.

वहिनींना नमस्कार. माझ्यावर रागाव, पण उत्तर धाड.

तुझी मीनाक्षी


हुबळी, २५ ऑगस्ट

चि. सौ. मीनाक्षीस अ. आ.

शाळेत सुरू केलेलं तुझं भाषण अजून संपलेलं दिसत नाही. तुझी वहिनी म्हणाली, हे बेळगावपर्यंत ऐकू गेलं असेल. अगं, मशीन खोटं कशाला बोलेल? इथं लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात वीस वर्षं मी हीच औषधं विकतोय, मला काय झालं? हात थरथरतात ते साखरेमुळं. दाजींना विश्रांती दे, मालकाशी वैर घेऊ नकोस. आणि उत्तराला यात ओढू नकोस, तिचं लग्न ठरतंय.

तब्येतीला जप, जिभेलाही.

तुझा अण्णा


अळणावर, ३ नोव्हेंबर

ती. अण्णास सा. न.

उत्तरा इथं येऊन गेली. मीच बोलावलं. दोन महिने ह्यांना औषधाच्या वाऱ्यालाही उभं केलं नव्हतं. तिनं ह्यांचं रक्त नेऊन लॅबमधल्या त्याच मशीनवर पुन्हा तपासलं. या विषानं रक्तातलं जे घटतं, त्याचा आकडा ऑगस्टमध्ये साडेपाच हजार होता, आता दहा हजार. पाच ते तेरा हजारांमधलं सगळंच नॉर्मल, म्हणून दोन्ही कागदांवर नॉर्मल! निम्मं रक्त विझलं तरी माणूस ठणठणीत ठरतो, अशी ही तपासणी. उत्तरा म्हणाली, मशीन खोटं बोललं नाही. धडधाकट असताना आतोबांचा आकडा किती, हे कुणी कधी विचारलंच नाही.

म्हणून हरभऱ्यावर फवारणी सुरू व्हायच्या आधी इथले बत्तीस जण रक्त देऊन आपापला आकडा लिहून ठेवणार आहेत. मालक हसतोय. माणसं बिचकताहेत.

तू साखरेला दोष देत बसलायस. औषध विकणाऱ्यानंच बाही वर केली तर कुणी हसणार नाही. लोभ पत्रात नको, अण्णा. रविवारी उत्तराबरोबर ये, आणि पहिला हात तुझा पुढे कर, थरथरत असला तरी.

तुझी मीनाक्षी