शिसवी की आबनूस

४ जानेवारी, रविवार
आज चर्चच्या बँडमध्ये माझा गिटारचा सोलो पडला. दोष गिटारचा. कारखान्यातला माल, लाकूड कुठलं ते बनवणाऱ्यालाही ठाऊक नसेल. पास्टर डेल म्हणाले, डॉक्टर, जरा कमी वाजवलंत तर? म्हणजे स्वर भरदार हवा. त्यांना नेमकं सांगता येत नाही, एवढंच.
संकल्प: ईस्टरच्या आत हाताने घडवलेली इलेक्ट्रिक गिटार. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी चांगलं वाजवतो असं लॉर्ना एकदाही म्हणालेली नाही. ईस्टरला म्हणवून घेणार.

११ जानेवारी
चर्चचा साउंडवाला व्हर्न याने नवी सोय केली. स्टेजवर आता स्पीकर नाहीत, सगळ्यांनी कानात इअरफोन घालायचे. हवं ते वाद्य आपापल्या कानात मागवून घ्यायचं. मी फक्त माझी गिटार मागवली. बाकीच्यांची लुडबुड नको. आज पहिल्यांदाच कुणाची तक्रार नाही.
प्रार्थनेआधी मागच्या पार्किंगमध्ये लॉर्ना पास्टरशी बराच वेळ बोलत होती. बहुधा ईस्टरच्या जेवणाचं.

१७ जानेवारी
नॅशव्हिलला टॉलिव्हर नावाच्या गिटार कारागिराकडे गेलो. गिटारचं अंग मॅहॉगनी लाकडाचं, वर मेपलचा पातळ तक्ता, वाघासारख्या पट्ट्यांचा. त्याने विचारलं, तुम्ही वाजवता काय? म्हटलं, सगळंच. मग म्हणाला, थोडं वाजवून दाखवा. परक्या गिटारवर मी वाजवत नाही.

३ फेब्रुवारी
मॅहॉगनी अखंड, जड हवी. सूर लांब टिकतो. लॉर्ना म्हणाली, तुझा खांदा टिकेल का? लोकांच्या दाढा काढून काढून खांदा गेलाय हे खरं. टॉलिव्हर म्हणाला, आतून पोखरू. आधी अपमान वाटला. मग कळलं, पोकळ गिटारचा सूर जास्त मोकळा असतो. शेवटी माझंच बरोबर होतं.
रोजचा रियाज उद्यापासून.

२० फेब्रुवारी
बोटांखालची पट्टी शिसवी की आबनूस? शिसवी ऊबदार, आबनूस खणखणीत. ठरेना. दवाखान्यात एका पेशंटला विचारलं. तोंडात कापूस होता. शिसवी म्हणताच त्याने डोळे मिटले. शिसवी.

८ मार्च
पट्टीत माझं नाव शिंपल्याने जडवायचं ठरलं. टॉलिव्हरने दोनदा बजावलं, नाव घातलं की परत घेत नाही. हसलो. परत कोण करतंय?
रियाज थांबवलाय. जुन्या गिटारवर बोटांना वाईट सवयी लागतात.

२८ मार्च
आली. संध्याकाळभर बघत बसलो. वाजवली नाही, कमरेच्या पट्ट्याच्या बकलाने तिच्या पाठीवर चरा पडेल. लॉर्ना म्हणाली, मग बेल्ट काढ. तिला या गोष्टी कळत नाहीत.

५ एप्रिल, ईस्टर
जमलं. काय स्वर! शिसवी कानात विरघळत होती. सोलोला माझेच डोळे भरून आले. नंतर लोकांनी मिठ्या मारल्या. म्हाताऱ्या मिसेस ओडेल म्हणाल्या, आजची प्रार्थना किती शांत झाली. पास्टर म्हणाले, डॉक्टर, काय दिसते हो गिटार!
लॉर्ना घाईने गाडीकडे गेली. भारावली असावी.

६ एप्रिल
चर्चने कालचा व्हिडिओ टाकलाय. हात हलतोय, मान डोलतेय, गिटार ऐकू येत नाही. वाटलं, वायर सैल असेल. व्हर्नला फोन केला. त्याने आधी चालू गाणं बंद केलं. मग म्हणाला, डॉक्टर, जानेवारीपासून तुम्ही फक्त तुमच्या स्वतःच्या कानात वाजताय. पास्टर तुम्हाला काढणारच होते. तुमच्या मिसेस आडव्या आल्या. काढू नका म्हणाल्या, हवं तर हॉलमधला आवाज बंद करा.
फार वाईट वाटलं. लॉर्ना भांडी पुसत होती. विचारलं. नाकारलं नाही तिने. म्हणाली, रविवारी तू खुशीत घरी येतोस, ते मला जाऊ द्यायचं नव्हतं.
मग म्हणाली, आण ती गिटार, मी ऐकते. ॲम्प्लिफायर लावला. इअरफोन न घालता अख्खा सोलो वाजवला. ती शेवटपर्यंत बसली. मग तिने हात पुसून विचारलं, ही परत करता येते का रे?
मी पट्टीवरचं नाव दाखवलं. तिने त्यावरून हळूच बोट फिरवलं. म्हणाली, लाकूड मात्र छान आहे.
शिसवी घेतली ते बरं झालं.