वलगावचा अर्धा काळा तणमोर

तीर्थरूप बा,
म्हादूचा दंडवत.

आज सायबानं पुस्तकातलं तुझं नाव शाईनं खोडलं, आणि खोडायला लावणारा मीच. म्हणून लिहायला बसलो. तू जाऊन महिना होत आला. पण हे दुसऱ्या कुणाला सांगू?

मुंबईत सायबाकडं माझं काम अजून तेच. पाखराचं कातडं सोलायचं, आतून विषारी साबण लावायचा, कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर गाव, महिना, आणणाऱ्याचं नाव. वऱ्हाडच्या कापसासाठी सगळी मुंबई वेडी झाली आहे, आणि मी तो मेलेल्या पाखरांच्या पोटात कोंबतो! हसलास ना?

सायबाचा तंबू वलगावच्या कुरणात पडला होता, आठवतं? तू कुरणाचा राखणदार, म्हणून वाट दाखवायला तुला बोलावलं. दिवाळी नुकतीच झाली होती. गवतातून मातकट तणमोर उडाला आणि बंदूक वाजली. तू रिद्धपूरचा उपदेश घेतलेला माणूस, जीव मारणं तुला वर्ज्य; पाठ फिरवून उभा राहिलास. सायबानं पाखरू चिरून पाहिलं तर नर निघाला. त्याला ठाऊक असलेले नर सगळे काळे. तेव्हा ही जात नवी, असं तो म्हणाला.

तू माझ्या कानाशी आलास. "नवी कायची? हा त्या काळ्यातलाच गडी हाय. पावसाळ्यात काळा होते, दिवाळीले पिसं टाकते. सांग त्याले."

तुझं बोलणं हिंदुस्तानीत करून सांगायचं काम माझं. मी सांगितलं नाही.

काहून? तुझी लाज वाटली, बा. सायेब हसेल, मग मला सोबत नेणार नाही, असं वाटलं. गाव सोडायची किती घाई झाली होती मला!

सायेब खूश होऊन म्हणाला, जातीला वाट दाखवणाऱ्याचं नाव देतो. त्यांच्यात पाखराच्या नावाला दोन शब्द. पहिला कुळाचा, दुसरा त्याचा स्वतःचा. कुळ तणमोराचं, आणि पुढं गोमाजी, मागं लॅटिन शेपूट लावून. तसंच त्याच्या पुस्तकात छापलं गेलं. पारावरचे लोक तुला विचारायचे, "काय गोमाजी पाखरू, अंडी कधी देता?" तू चिडायचास. पण आवडायचंही तुला, खोटं नको बोलू!

मग मद्रासच्या एका सायबानं छापलं की काळा आणि मातकट या दोन जाती नाहीतच. पत्रांवर पत्रं गेली. त्यांचा कायदा असा, की एकाच जिवाला दोन नावं पडली तर आधी छापलेलं राहतं, मागचं, म्हणजे तुझं, जातं. सायेब केवढा मोठा, ते पाहत नाहीत. पण जात एक की दोन, हे पत्रांनी कसं ठरावं? पुराव्याला पाखरूच टेबलावर लागतं.

उन्हाळ्यात घरी आलो तेव्हा हे तुला सांगितलं. तू पुन्हा तेच, "एकच हाय."

मी ओरडलो, "गप राह्य ना बा! तुले नाव नाही पाह्यजे काय?"

तू उठून बैलाला पाणी दाखवायला गेलास. मी दुसऱ्या दिवशी निघालो. आपलं शेवटचं बोलणं ते.

तू गेल्याचं पत्र आलं. त्यानंतर आठ दिवसांनी अकोल्याचा अडत्या रहीमभाई कापसाच्या गाठी घेऊन इथं आला. त्याला काहीच कळलेलं नव्हतं.

"ले म्हादू, तुह्या बापानं देल्लं. जीव खाल्ला त्यानं माहा! म्हने, गाठीखाली ठेवू नको, पंख मोडतीन."

फडक्यात तणमोराचं कातडं होतं, मीठ-राख चोळलेलं, मी शिकवलं तसंच सोललेलं. कुत्र्यानं मारलेला नर, असं तू सांगून धाडलं होतंस. मान अजून काळी, आणि त्या काळ्यातूनच मातकट पिसं फुटलेली. पायाला पटवाऱ्याच्या हातची चिठ्ठी: वलगाव, आश्विन, गोमाजी.

"हे दाखवलं तर त्याचं नाव जाईन. समजलं होतं काय त्याले?" मी विचारलं.

"मीनंई तेच इचारलं. त म्हने, माहं नाव माह्याजवळ हाय."

मग मी त्याला तू गेल्याचं सांगितलं. बिचारा गाठीवर बसूनच राहिला.

चार दिवस ते कातडं माझ्या पेटीत होतं. किडे लागले म्हणून फेकलं असतं, तर कुणाला कळलं असतं? तू तर गेलास. पुस्तकात तरी राहिला असतास. हे माझ्यावर काहून टाकलंस, बा? असतास तर भांडलो असतो तुझ्याशी!

आज ठेवलं सायबापुढं. त्या दिवशी गिळलेलं तुझं बोलणंही सांगितलं. त्यानं भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि लेखणी उचलली. "कायदा सबके लिए एक," एवढंच म्हणाला. उद्या मद्रासला पत्र जाईल. तुझं पाखरू खणात राहील, पुरावा म्हणून. चिठ्ठी इंग्रजीत कर म्हणाला. मी दुसरी बांधली, पण तुझी सोडली नाही.

धाकट्यानं लिहिलं आहे, की अर्धं कुरण कापसाखाली गेलं. पाखरं कुठं जातील, तेवढं त्यानं लिहिलं नाही.

होळीला येतो. पारावर उभा राहून सांगीन, की गोमाजीचं नाव गेलं, त्यानंच धाडलेल्या पाखरानं गेलं. तो पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता, आणि ते त्याच्या पोरानं दाबलं. हसतील. हसू दे. यापुढं कुणाचं बोलणं सायबाला सांगताना एक शब्द गाळणार नाही.

तुझा,
म्हादू गोमाजी