उगाली कोणी शिकवली

बाबा, शनिवारी तुमच्या नातीच्या शाळेत मी उगाली घोटली, आणि ती कुठे शिकले ते सगळ्यांसमोर सांगितलं. तुम्हाला ते मुळीच आवडलं नसतं.

जपानातल्या भूकंपाला आता तीन वर्षं होतील. ओळखीची बरीच कुटुंबं मुंबईला परतली, आम्ही योकोहामातच राहिलो. शाळेत केनियाहून काही शिक्षिका आल्या होत्या. मुलांबरोबर त्यांच्याकडचं जेवण रांधायचं ठरलं होतं आणि मला दुभाषी म्हणून बोलावलं होतं. डोक्याला रुमाल बांधलेली मुलं पालेभाजी अगदी मोजून-मापून चिरत होती. उगालीसाठी उकळत्या पाण्यात मक्याचं पीठ पडलं आणि गुठळ्या व्हायला लागल्या, तशी ढवळणारी मुलं घाबरून थांबली. मी लाकडी उलथणं घेतलं आणि पातेल्याच्या कडेला दाबून दाबून गुठळ्या मोडल्या. पाहुण्या शिक्षिकांमधल्या वयस्कर बाई बघत राहिल्या. "हे कोणी शिकवलं तुला?"

बँकेने तुम्हाला नैरोबीला पाठवलं तेव्हा मी सात वर्षांची होते. आपल्याकडे कामाला असलेल्या बाई दुपारी मागच्या पायरीवर जेवायला बसतात, मी त्यांना चिकटून बसते. उगालीचा गोळा करायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा, त्यात भाजी उचलायची. त्या हसतात, कारण माझा गोळा फुटतो. आणि तिसऱ्या वर्षी एक दिवस तुम्ही लवकर घरी येता. "ऊठ आधी! नोकरांच्या ताटात जेवतेस?" दंडाला धरून तुम्ही मला नळाखाली उभं केलंत, साबणाने दोनदा हात धुवायला लावलेत. दुसऱ्या दिवसापासून त्या बाई आल्या नाहीत. आई काही बोलली नाही. मीही नाही.

शनिवारी बोलले. "आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंनी शिकवलं. माझ्या वडिलांनी त्यांना त्यासाठी काढून टाकलं." आधी इंग्रजीत, मग मुलांसाठी जपानीत. लेक मान खाली घालून जपानीतच पुटपुटली, "आई, पुरे ना." मी पुरे केलं नाही. पाहुण्या बाईंनी स्वतःचं ताट माझ्याकडे सरकवलं आणि आम्ही दोघी त्या एकाच ताटात जेवलो, हाताने, सगळ्यांच्या देखत.

माझी माया आहे तुमच्यावर, बाबा. पण त्या दुपारी तुम्ही चुकलात, आणि गेलेल्या माणसाला काय बोलायचं म्हणून मी ते गिळणार नाही.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, तेव्हा उरलेलंही लिहून टाकते. जेवताना पाहुण्या बाईंनी विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?" आपण तीन वर्षं त्यांना नुसतं 'आया' म्हणत होतो. मी कधी विचारलंच नव्हतं. तोंडाला आलं ते एक नाव मी ठोकून दिलं. लेकीने ते शाळेच्या वहीत नीट लिहून घेतलं.