गयेला सोडलेलं पान

मैलापूर, चेन्नई
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चिरंजीव गिरीधरराव यांस,

बालाजीरावाचे अनेक आशीर्वाद.

वरच्या मजल्यावरच्या सासऱ्याने खाली दवाखाना चालवणाऱ्या जावयाला पत्र लिहावं, हे जरा विचित्रच. तुम्ही आणि हरिणी दुपारी तुमच्या आत्याकडे गेलात, दवाखाना बंद आहे, आणि मी तुमच्याच टेबलाशी तुमच्याच पेनाने लिहायला बसलो आहे. प्रकृती ठीक. जखम सुकते आहे. सकाळी दोन इडल्या खाल्ल्या, उजव्या बाजूने.

मराठीत लिहितो आहे. माझ्या वडिलांनी तंजावरला ही अक्षरं माझ्याकडून गिरवून घेतली होती. तुम्ही दहावीपर्यंत सोलापूरला शिकलात म्हणून तुम्हाला ती वाचता येतात. या घरात आणखी कुणाला येत नाहीत.

काल रात्री तुम्ही नीट जेवला नाहीत. गुरुवारी पेरुंगुडीच्या त्या मोठ्या डेंटल कंपनीत नोकरीच्या कागदावर सही करणार आणि महिनाअखेर इथे कुलूप लावणार, असं तुम्ही हरिणीला सांगत होतात. मी ऐकलं. शुक्रवारी विद्यालक्ष्मी टीचर दोन दाढा बसवून घ्यायला आल्या, तर त्यांना तुम्ही दुसऱ्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलंत. सहा वर्षांत तुम्ही पेशंट परत पाठवलेला मी पाहिला नव्हता. आणि हे सगळं माझ्या एका दाढेपायी.

जानेवारीत तुम्ही मला इम्प्लांट समजावून सांगितलंत तो दिवस आठवतो. इथल्या आवडी गावातल्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होतो, त्यामुळे स्क्रूचे आटे किती बारीक आहेत हे विचारणारा मी तुमचा एकटाच पेशंट असेन. टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवायचा, मग चार महिने नुसती वाट बघायची. हाड आपणहून वाढून त्याला धरतं, आणि धरलं की वर दात चढवायचा. मी म्हटलं, "आमच्याकडे आम्ही बोल्ट आवळायचो. तुमच्याकडे भोकच बोल्टला आवळतं." तुम्ही खुर्चीत बसून हसलात. जूनमध्ये दात चढला. तुम्ही स्वतःच्या हाताने केलेलं पहिलं इम्प्लांट म्हणून माझा हसरा फोटो वेटिंग रूममध्ये लागला.

ऑगस्टमध्ये तो हलायला लागला. गेल्या मंगळवारी तुम्ही स्क्रू काढलात, तर हत्यारही लागलं नाही, तो बोटांनीच फिरत वर आला. तो हातात धरून तुम्ही म्हणालात, "मामा, माझंच चुकलं. ड्रिल तापलं असणार, हाड भाजलं." माझ्या तोंडात कापूस होता, बोलता येत नव्हतं. मग तुम्ही कापूस काढलात. तरी मी बोललो नाही.

आता गयेचं सांगतो.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या सासूबाईंच्या, राजसबाईंच्या श्राद्धाला आपण तिघं गयेला गेलो. तिथे एक फळ, एक भाजी आणि एक पान कायमचं सोडायचं असतं. मी फळात फणस सोडला, भाजीत कारलं. दोन्ही मला तशीही आवडत नाहीत. पानाची पाळी आली तेव्हा मी विड्याचं पान सोडलं, आणि हरिणी तिथेच रडली. माझ्या तोंडातल्या पानतंबाखूवरून तिच्या आईने चाळीस वर्षं माझ्याशी भांडण केलं होतं. तेव्हापासून घरी येईल त्या बाईला हरिणी सांगते, "आप्पांनी आईसाठी वेत्तलैचं पानच सोडून टाकलं, मामी."

ते खरं आहे. त्यानंतर एकही पान मी तोंडात घातलेलं नाही. तंबाखू सोडलेली नाही.

हे एवढं वाक्य एकदाचं लिहून झालं. पेन थोडा वेळ खाली ठेवलं होतं.

गयेहून येताना गाडीतच पहिली चिमूट गालात धरली, कोरडी, पानाशिवाय. गुरुजींनी तंबाखूचं विचारलंच नव्हतं, अशी मनाची समजूत घातली. पण गिरीधरराव, पान म्हणताना मी नेमकं पानच म्हणत होतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. राजसबाईच्या नावाने पिंड ठेवलेले असताना मी ही हुशारी केली. याची मला लाज वाटते.

तुमच्या फॉर्मवर तंबाखूसमोर तुम्हीच 'नाही' लिहिलंत. मला विचारलंही नाहीत, कारण गयेला तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात. ऑपरेशननंतर आठ दिवस मी पुडीला हात लावला नाही. मग उजव्या गालात धरायला लागलो, डावीकडच्या हाडाला त्रास नको म्हणून. मार्चमध्ये तुम्ही एका पेशंटला सांगत होतात की तंबाखूने रक्त कमी पोचतं आणि हाड स्क्रूला धरत नाही. मी बाहेर बाकावर बसून ते ऐकलं. तेव्हाही गालात होती.

या घराला जिना एकच, आणि तो वेटिंग रूममध्ये उतरतो. पुडी आणायला निघालो की माझा फोटो माझ्याकडे बघून हसतो. परत वर आलो की हरिणी कुणाला तरी गयेची गोष्ट सांगत असते. गच्चीवर जावं तर तुम्ही विचारता, "मामा, बरं वाटत नाही का?" दोन महिने मी घरात कुठे बसावं हे मला कळत नाही.

तुमचा हात चुकलेला नाही. कारखान्यात बोल्ट सुटला की आम्ही बोल्ट बघायचो, भोक बघायचो, हत्यार बघायचो, आणि मग कामगाराला उभा करायचो. तुम्ही सगळं पाहिलंत आणि मला तेवढं सोडलंत, कारण मी घरचा. गुरुवारी पेरुंगुडीला जाऊ नका. टीचरांना उद्या सकाळीच फोन करा.

माझी फाईल काढून 'नाही' खोडलं आहे, 'होय' लिहिलं आहे, खाली सही आणि तारीख. तंबाखूची डबी फाईलवर ठेवली आहे. फोटोला हात लावलेला नाही, त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

शेवटी एक विनंती करणार होतो की हे हरिणीला सांगू नका. तिला वाचता येत नाहीत अशा अक्षरांत लिहायला बसलो ते त्यासाठीच. पण गुरुवारचं का बदललं हे ती विचारेल, आणि मग तुम्हाला माझ्यासाठी खोटं बोलावं लागेल. माझ्याबरोबर तुम्हीही कोंडले जाल. ते नको.

म्हणून तिला वाचून दाखवा, पहिल्या ओळीपासून. ती रडली तरी मध्ये थांबू नका. मी कुठे बाहेर जाणार नाही, वर हॉलमध्येच बसलेला असेन. वाचून झालं की मला खाली हाक मारा. तिने मारली तर बरं होईल.

मामा म्हणवून घ्यायला आज लाजणारा,
बालाजीराव