कावळा कोणी सोडला

३ फेब्रु., मंगळ
बोंबील वाळत घातले की कावळे. हाकलून हात दुखले. दुपारी एक जाळ्यात अडकला. मावशी म्हणाली, "मारू नको गो. जिताच बांध बांबूला. तो वरडंल, बाकीचे येनार न्हाय." दरवेळी मेलेला लटकवतो. हा जिवंत. सुतळी मीच बांधली. चोच मारली बोटाला.

४, बुध
खरंच एक पण आला नाही. सगळे माडावर बसून ओरडतायत. याचा आवाज बसलाय. पाणी ठेवलं, प्यायला नाही.
एल्विनला (मावशीचा, बारावी सायन्स) विचारलं, ते रडतायत का?
"रडत नाय गं. धोका कुठे ते शिकतात. शिकले ते जगले."
मग मला का कसंतरी होतं?
"तसंच. एकमेकांना सांभाळणारी माणसं टिकली. दया तिकडूनच आली."
आजी लसूण सोलत होती. "तुला माकडानं दिली आसंल. मना देवानं दिली."
मी आठवीतून शाळा सोडली, मला काय कळणार. पण दिलीय तर तिचं करायचं काय, ते दोघांनी पण नाही सांगितलं.

५, गुरु
सकाळी कोणी यायच्या आत सुतळी कापली. आधी चालत गेला, मग उडाला. दहापर्यंत सगळे परत बोंबलांवर.
"कोनी सोडला?" मी मान खाली. मावशीने सविताला धरलं. ती जव्हारची, आमच्याकडे बोंबील वाळवायला येते. काल म्हणाली होती, सोडा ना बिचाऱ्याला.
"लय दया तुला! उद्यापासून येऊ नको."
सविता माझ्याकडे बघत होती. तिला माहितीये का? मी बोंबील उलटत राहिले.

७, शनि
सविता नाही. तिच्या बाळाची साडीची झोळी शेडमध्ये तशीच. मावशी म्हणाली सोड ती. नाही सोडली.
एल्विनला सगळं सांगितलं. "पागल, आता बोललीस तर मम्मी तुला पण हाकलेल." थोड्या वेळाने, "तरी बोल."
कावळ्यासाठी हात आपोआप गेला. सवितासाठी तोंड उघडत नाही. ते पण तिकडूनच आलं असेल. घाबरले ते जगले.

८, रवि
चर्चमध्ये मिसाच्या आधी कन्फेशन. मध्ये पडदा, म्हणून जमलं.
फादर म्हणाले, "देवाला कळलं. मावशीला?"
बाहेर मावशी बायकांत हसत उभी. तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले.
"काय गो, तोंड का उतरलंय?"
म्हटलं, मावशी, सविताने नाही…
एवढंच. ती हसायची थांबली. "घरी चल."
रस्ताभर ती पुढे, मी मागे. आता ती आत, भात टाकलाय. मी ओट्यावर. सविता इथे कुठे राहते ते एल्विनला विचारून ठेवलंय.
हाक मारतेय.