ट्रेनीची बाळघुटी

१२ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून रोजनिशी. घरात मी एकटा आहे आणि शिस्त राहिली पाहिजे. हर्षला लेकीकडे पुण्याला गेली आहे. सोनालीला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी, म्हणजे इथे दहिवलीत व्हायचं होतं, पण डॉक्टरांनी शेवटच्या महिन्यात प्रवास नको म्हटलं. आता सव्वा महिना झाला की मायलेकी इकडे येणार. तोवर मागची खोली रंगवून, खिडक्यांना जाळ्या लावून बाळंतिणीसाठी तयार ठेवायची. हे माझं काम. हर्षलाने निघताना तीनदा सांगितलं, गाडीत बसल्यावर चौथ्यांदा. मी व्हीआरएस घेईपर्यंत खोपोलीच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होतो. एक खोली म्हणजे काय मोठं काम आहे का?
रंगाचा डबा आणला. उद्या सुरू.

१३ नोव्हेंबर
रंग सुरू झाला नाही. शेजारच्या इंदूकाकींच्या पेंढ्याच्या उडवीत मांजराची तीन पिल्लं सापडली. त्यांची आई काल रस्त्यावर डंपरखाली गेली, मीच बघितली. इंदूकाकी सत्तरीच्या पुढच्या, तोंडाने फटकळ. म्हणाल्या, ही नाय जगायची रं दत्ता, पोट पाठीला लागलंय त्यांचं, र्‍हाऊ दे तितंच. मी म्हटलं, काकी, माझ्या शिफ्टला आजवर एक अपघात नाही. पिल्लं मागच्या खोलीत आणून ठेवली. तात्पुरती.
हर्षलाला मांजर चालत नाही. बाळाच्या खोलीत तर मुळीच नाही. म्हणून कळवलं नाही. कळवण्यासारखं झालं की कळवेन.

१४ नोव्हेंबर
नावं ठेवायची नाहीत असा निर्णय. जीव लागतो. फक्त ओळखण्यापुरतं: दांडगा तो फोरमन, पांढऱ्या पायांची ती ऑपरेटर, आणि जो नुसतं तोंड उघडतो, आवाज येत नाही, तो ट्रेनी.
वाटीत दूध ठेवलं. फोरमन वाटीत पडला. बाकी दोघांनी वाटीकडे बघितलंही नाही. निष्कर्ष: वाटी मोठी होती.

१५ नोव्हेंबर
छोटी वाटी. फोरमन तिच्यातही पडला.
संध्याकाळी तिघांनाही जुलाब. गुरांच्या डॉक्टरांना फोन. ते गावोगाव लसीकरणाला फिरतायत. म्हणाले, गाईचं दूध बंद करा, शेळीचं द्या, ऊब द्या, थोडं थोडं पाजा आणि सोमवारी दाखवायला आणा. थोडं थोडं म्हणजे किती, हे विचारेपर्यंत रेंज गेली.
मग हर्षलाचा फोन. ती बाळाचं काहीतरी सांगत होती. मी ऑपरेटरची शेपटी पुसत हो हो म्हणत होतो. मधेच ऐकू आलं, दर दोन तासांनी थोडं थोडं पाजतो, मग खांद्यावर घेऊन ढेकर काढतो. मी ताठ बसलो. म्हणजे सगळी माहिती घरातच आहे की! धडाधड विचारलं. झोपली असेल तर उठवायचं का? अंग गार लागलं तर? शी कुठल्या रंगाची चांगली? हर्षला म्हणाली, अहो, तुम्ही विचारताय हे? आवाज भरून आला होता तिचा. सर्दी झाली असावी.

१७ नोव्हेंबर, सोमवार
डॉक्टरकडे गेलो नाही. आता सिस्टिम बसली आहे, गरज नाही. औषधाच्या ड्रॉपरने शेळीचं दूध, मग दोन बोटांनी पाठ थोपटून ढेकर. फोरमन ढेकर देतो. ऑपरेटर ओरबाडते. ट्रेनी दोन थेंब घेतो आणि दमून जातो. त्याचा प्रोबेशन पीरियड मोठा आहे, एवढंच.
हर्षलाने बाळासाठी जुन्या साड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. त्यातलं सगळ्यात जुनं घेतलं. बाकीच्यांना हात लावलेला नाही.

१९ नोव्हेंबर
आणखी दोन दुपटी घेतली.
शेळीचं दूध इंदूकाकींकडून. त्या म्हणाल्या, येवढं दूध कुटं मुरवतोस रं, घरात तान्हं पोर हाय का काय? मी म्हटलं, येणार आहे, सराव चाललाय. हे खोटं नाही.
फोनवर आज सोनाली आली. म्हणाली, बाबा, आई सांगते तुम्ही दिवसातून चार चारदा चौकशी करता. मी लहान होते तेव्हा मला ताप आलाय हे तुम्हाला ताप उतरल्यावर कळायचं. आता किती बरं वाटतंय. मी म्हटलं, ते असू दे, शी घट्ट व्हायला काय देतात?

२१ नोव्हेंबर
धुरी. हर्षलाने स्वतःच विषय काढला. बाळाला न्हाऊ घातल्यावर ओव्याची धुरी द्यायची असते, पण सोनालीच्या सोसायटीत जरा धूर झाला की घंटा वाजते. इथे कसली घंटा? शेगडीत निखारे केले, मूठभर ओवा टाकला. मुठीचा अंदाज चुकला. तिघं शिंकत सुटले, मी पण. खिडकीतून धूर बघून इंदूकाकी बादली घेऊन पळत आल्या आणि सरळ ओतली. गडबडीत माझा पाय लागून रंगाचा डबा आडवा झाला.
म्हणजे खोलीचं काम सुरू झालं म्हणायला हरकत नाही. जमिनीचा रंग ठरला नव्हता, तो आता ठरला.
इंदूकाकींनी दुपट्यात गुंडाळलेला ट्रेनी बघितला. बादली घेऊन गेल्या.

२३ नोव्हेंबर
फोरमन आणि ऑपरेटर चालायला लागले. ट्रेनी तिथेच. हातात घेतला तर बरगड्या बोटांना लागतात. मात्र एक प्रगती: आवाज फुटला. सकाळपासून ओरडतोय. पाजलं तरी ओरडतो, शेकलं तरी ओरडतो, शर्टाच्या आत घेतलं तरी ओरडतो. मी कारखान्यात कंप्रेसरशेजारी उभं राहून जेवलो आहे, पण हे सहन होत नाही. काहीतरी मागतोय आणि ते काय हे मला कळत नाही.
उद्या डॉक्टर. नक्की.

२४ नोव्हेंबर
ट्रेनीला बाहेर गार लागेल म्हणून डॉक्टर रद्द.
आणि बरंच झालं, कारण तिकडे पुण्यात घुटीवरून भांडण. हर्षलाला बाळाला घुटी द्यायची आहे, सोनालीचे डॉक्टर म्हणतात, आईच्या दुधाशिवाय काही नको. हर्षलाने मला पंच केलं. मी एका सेकंदात तिच्या बाजूने. म्हटलं, आपल्या पिढ्या घुटीवर वाढल्या, तू फक्त मला सांग, उगाळताना कशाचे किती वेढे? ती एवढी खूश, की सगळं सविस्तर सांगितलं. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, खारीक, बदाम. जायफळ मात्र जपून, जेमतेम एक वेढा, त्याने बाळाला झोप लागते.
झोप!
कर्जतच्या बाजारातून सगळं आणलं. देव्हाऱ्यातली सहाण घेतली. उगाळून ड्रॉपरने ट्रेनीला दिलं. थोड्या वेळाने ओरडणं थांबलं. शांत झोपला. मी दाराशी बसून नुसता ऐकत राहिलो, काहीच ऐकू येत नव्हतं. इतकं छान वाटलं.

२५ नोव्हेंबर
सकाळी ट्रेनी पुन्हा ओरडायला लागला, आवाज जरा कमी. पुन्हा घुटी. खारीक, बदाम दाखवण्यापुरते. जायफळ थोडं वाढवलं. बाळ एवढं रडत नाही, हा जास्त रडतो, म्हणून डोस जास्त, हा साधा हिशेब आहे. लगेच झोपला.
मी पण झोपलो. बऱ्याच दिवसांनी.

२६ नोव्हेंबर, सकाळ
ट्रेनी अजून झोपलाय. चांगलं लक्षण. झोपेत अंग भरतं.

दुपार
अजून झोपलाय. अंग गार. गरम पाण्याची बाटली ठेवली. ड्रॉपर लावला, दूध ओठाच्या कडेने बाहेर आलं. हर्षलाला फोन केला, विचारलं, बाळ उठतच नसेल तर? ती म्हणाली, उठेल हो, भूक लागली की. तळपायाला टिचकी मारा. टिचकी मारली. खूप मारल्या.

संध्याकाळ
स्कूटरवरून खोपोलीला गेलो, ट्रेनी शर्टाच्या आत. तिथल्या प्राण्यांच्या खासगी डॉक्टरांनी त्याच्या छातीवर बोट ठेवलं आणि उचललं. विचारलं, काय काय दिलं होतं? मी शिफ्ट रिपोर्ट दिल्यासारखं सगळं सांगितलं. जायफळ म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, मांजराला जायफळ विष आहे. मग म्हणाले, तसंही फार अशक्त होतं, कदाचित राहिलं नसतं. हे दुसरं वाक्य ते माझ्यासाठी बोलले, मला कळलं.
घरी येऊन आधी पुण्याला फोन लावला. सोनालीने घेतला. मी म्हटलं, घुटी देऊ नका. जायफळ देऊ नका. आईचं ऐकू नकोस, माझंही ऐकू नकोस, तुझे डॉक्टर सांगतात तेच कर. मग रडायला लागलो. ती म्हणत राहिली, बाबा, आम्ही काही दिलेलं नाही, बाळ मस्त आहे, रडू नका ना. ती असं म्हणाली की मला आणखी रडू येई.

२७ नोव्हेंबर
ट्रेनीला शेवग्याखाली पुरलं. इंदूकाकी आल्या. मला वाटलं आता म्हणतील, मी सांगितलं होतं. पण म्हणाल्या, दोन हायेत ना रं अजून, त्यांना पाज आधी, मंग रड.
पाजलं.
मला पिल्लं सांभाळता येतात असं का वाटलं होतं कुणास ठाऊक. म्हणजे दोन जगली आहेत. तसं बघितलं तर रिझल्ट वाईट नाही. पण बघवत नाही.

२९ नोव्हेंबर
सोनालीचा फोन. सव्वा महिन्याची वाट बघत नाही म्हणाली. डॉक्टर आता प्रवासाला हो म्हणतात. म्हणे, बाबांना बाळाशिवाय करमत नाही, त्या दिवशी कसे रडले. जावई उद्या सकाळी गाडीने सोडणार.
उद्या!
प्लॅन: पिल्लं इंदूकाकींकडे. जमीन घासायची. एक भिंत तरी रंगवायची. ओव्याचा वास घालवायचा. दुपटी धुवायची. सगळं होऊ शकतं.
इंदूकाकी लेकीकडे कळंबला गेल्या आहेत. उद्या संध्याकाळी येतील.

३० नोव्हेंबर
आली सगळी. हर्षलाने मागच्या खोलीचं दार उघडलं. अर्धी जमीन पिवळी, एकही भिंत रंगवलेली नाही, जाळ्या नाहीत, आणि नव्या दुपट्यावर फोरमन आणि ऑपरेटर. तिने आधी हातातली पिशवी खाली ठेवली. मग बोलली. ते इथे लिहीत नाही. जावई पाणीसुद्धा न पिता परत गेले, पुण्यात काम आहे म्हणून.
सोनालीला समजायला वेळ लागला नाही. ड्रॉपर बघितला, बाटली बघितली, सहाण बघितली. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच विचारलं, ढेकर, शी, अंग गार, हे सगळं यांच्यासाठी होतं का बाबा? मी म्हटलं, हो. म्हणाली, एकदा तरी बाळासाठी केला होता का फोन? मी म्हटलं, जायफळाचा. तो बाळासाठीच होता. ती म्हणाली, त्या दिवशी तुमचं पिल्लू गेलं होतं ना? मी म्हटलं, गेलं होतं म्हणूनच तर. तिने माझ्याकडे बघितलं. पटलं की नाही, कळलं नाही. बाळाला घेऊन पुढच्या खोलीत गेली.
हर्षला बडबडत पिल्लांना दूध पाजतेय. तिच्या हातून दोघं न ओरबाडता पितात.
मी पुढच्या खोलीच्या दाराशी गेलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून सोनालीला म्हटलं, हिचं नाव काय ठेवायचं ठरवलंय? इथे दणक्यात बारसं करू.
ती म्हणाली, बारसं बाराव्या दिवशीच झालं बाबा. सासरी, घरच्या घरी. तुम्हाला व्हिडिओ पाठवला होता. तुम्ही अंगठा पाठवलात.
मी हो हो, बरोबर, असं म्हणून बाहेर आलो. आता परत जाऊन नाव कसं विचारणार? हर्षलाला तर नाहीच. व्हिडिओ मोबाइलमध्ये असेल, शोधतोय. पिल्लांचे फोटो फार आहेत, बरंच मागे जावं लागतंय.