रबरी वांगं आणि तुरीची दाळ

१२ नोव्हेंबर, बुधवार

घरात कुत्रं आलं. मला कुणी विचारलं नाही. नात ऋतू पुण्यात शिकते. तिच्या घरमालकानं कुत्रं चालणार नाही म्हणून सांगितलं, तर ही पोरगी ते गाडीत घालून थेट गंगाखेडला घेऊन आली. लांब कान, आखूड पाय, तोंड कायम रडवं. नाव बिस्किट. खायच्या वस्तूचं नाव जनावराला! या वहीत ते नाव परत लिहिणार नाही. कु. म्हणजे कुत्रं, तेवढं पुरे.

ऋतूचा बाप, म्हणजे आमचे चिरंजीव विकास, म्हणतात, "राहू द्या आप्पा, तुमालाबी सोबत हुईल."

सोबत. मोंढ्याच्या बाजारात छत्तीस वर्षं धान्य पारखलं. तूर तळहातावर घेतली की कुठल्या शिवारातली ते सांगायचो. आता सोबतीला कुत्रं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ऋतू गेली. जाण्याआधी आईची अर्धा तास शिकवणी घेतली. वर्षा, आमची सूनबाई, स्वतः शाळेत मास्तरीण, पण पोरीपुढं मान डोलवत उभी.

पिशवीतून एक रबरी वस्तू निघाली. आतून पोकळ, खाली जाड, वर निमुळती, तोंडाला भोक. हुबेहूब वांगं. त्यात दहीभात, शेंगदाण्याचा कूट, किसलेलं गाजर ठासून भरायचं आणि कु.पुढं टाकायचं. मग ते चाटतं, आपटतं, पंज्यात धरून एक एक शीत काढतं.

मी म्हणालो, ताटलीत वाढायला काय झालं?

"आप्पा, त्याच्या डोक्याला काम लागतं. बसून राहिलं की ते उदास होतं, मग चपला फाडतं. आधी सोपं भरायचं. जमायला लागलं की अवघड करायचं."

उदास होतं म्हणे. आमच्या गल्लीतली कुत्री शिळी भाकर खाऊन दिवसभर उसाच्या ट्रकमागं पळतात. एकही उदास झालेलं मी बघितलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

वर्षाची सकाळ: विकासचा डबा (त्याला परभणीची गाडी), माझा चहा, स्वतःची शाळा, आणि वर हे रबरी भरलं वांगं. आमच्या घरी भरली वांगी जावई आल्यावर व्हायची.

मी माझं काम केलं. तुरीची दाळ, एक ताट. खडे नऊ. हा रमेश किराणावाला काय माल विकतो देव जाणे. मोंढ्यात माझ्यासमोर असली दाळ आणली असती तर पोतं रस्त्यावर ओतलं असतं.

मागच्या वर्षी मोंढ्याच्या पायरीवरून पडलो, खुब्याचं हाड मोडलं, तिथून विकासनं मोंढा बंद केला. दोन महिने भिंतीकडं तोंड करून पडून होतो. वहीत खोटं कशाला लिहू, मरावं वाटत होतं. मग एका सकाळी वर्षा ताट घेऊन आली. "आप्पा, दाळीत लय खडे यायलेत. मला दिसंनात. तुमच्यावाणी नजर कुणाला हाय या घरात?" ऑपरेशन झालेले डोळे, पण बसलो. सात काढले. तेव्हापासून एक दिवस खाडा नाही. मी नसतो तर या घराचे दात जागेवर राहिले नसते.

२३ नोव्हेंबर, रविवार

सगळे घरी. कु.ची परीक्षा घेतली. तेवढाच दहीभात एका ताटलीत आणि तेवढाच वांग्यात. दोन्ही समोर ठेवले. विकास हसायला लागला, मी लक्ष दिलं नाही.

ताटली चार घासांत साफ. मग वांगं घेऊन पाऊण तास. संपल्यावर परत माझ्यापुढं येऊन बसलं, वांगं तोंडात. पोट टम्म. वर्षानं बिस्किटाचा तुकडा टाकला (खायचं बिस्किट), तर हुंगून सोडला. त्याला खायला नको होतं, उकरायला हवं होतं.

निष्कर्ष: मूर्ख. पोट भरलं की झोपावं एवढी अक्कल गाढवालाही असते.

दाळ: खडे आठ.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आजपासून खडे फेकणार नाही. गोळ्यांची रिकामी डबी घेतली, त्यात साठवतो. पंधरवडाभराचे झाले की रमेशच्या गल्ल्यावर ओततो, चार गिऱ्हाइकं उभी असताना. वर्षाला सांगितलं तर तिचा चेहरा पडला.

"जाऊ द्या ना आप्पा. कशाला भांडण?"

लोक असे मऊ असतात म्हणून दुकानदार माजतात.

५ डिसेंबर, शुक्रवार

ऋतूचा फोन. कु. आता वांगं दहा मिनिटांत संपवतं हे ऐकून तिला कोण आनंद! पोरगी पहिली आली असती तरी एवढी हसली नसती. आता म्हणे भरून बर्फात ठेवायचं, दगड झालं की द्यायचं.

वर्षा ते डीपफ्रीजमध्ये ठेवते, विकासच्या आमरसाच्या डब्याशेजारी. ह्या घरात आंब्याची आणि कुत्र्याची किंमत एक झाली.

११ डिसेंबर, गुरुवार

दुपारी घरात आम्ही दोघंच. मी पलंगावर, ते फरशीवर, मध्ये दगड झालेलं वांगं. मी पेपर वाचत होतो, त्याच्याकडं बघत नव्हतो. पण आवाजच एवढा करतं. एक तास दहा मिनिटं लागली. एकदा वांगं कपाटाखाली गेलं तर ते आधी माझ्याकडं बघायला लागलं. काठीनं काढून दिलं. काय करता.

बघता बघता वाटलं, केवढं फसलेलं जनावर आहे हे. आतला भात ज्याच्या हातात होता, त्यानंच तो आत कोंबला. सरळ देता येत होता. हे बेटं मात्र शिकार करून आणल्यासारखं शेपटी हलवतंय. त्याला हे कधी कळायचं नाही. आणि कळलंच एखाद्या दिवशी, तर

वर्षा आली. राहिलं लिहायचं.

खडे अकरा. आजवरचा उच्चांक. नजर सुधारतेय.

१६ डिसेंबर, मंगळवार

वर्षा शाळेत, विकास परभणीला. काठी घेतली, डबी खिशात घातली, रमेशच्या दुकानावर गेलो. खुब्यानंतर पहिल्यांदा एवढं चाललो. गिऱ्हाइकं होती चार-पाच. मनासारखं.

डबी ओतली. म्हणालो, तुझ्या दाळीतले आहेत, मोजून घे.

रमेश चिडला नाही. पोतं पुढं ओढलं, दोरा माझ्यासमोर उसवला, परात भरून दिली. "मशीनची दाळ हाय आप्पा. वर्षाताई हीच न्यायलेत वर्ष झालं. एक खडा काढून दाखवा, पोतं तुमच्या घरी टाकतो."

पूर्ण परात बघितली. लोक थांबून बघत होते. एकही नाही. दुसरी परात. एकही नाही.

मग गल्ल्यावरच्या खड्यांकडं बघितलं. नीट, उजेडात, पहिल्यांदा. गोल. गुळगुळीत. सगळे काळे. सगळे एका मापाचे, चाळून घेतल्यासारखे. काळ्या रानातल्या तुरीत ढेकूळ निघतं, चुनखडी निघते, काडी निघते. नदीचा गोटा निघत नाही. ही गंगेची, आमच्या गोदावरीची वाळू होती.

"कुठं घावले हे?" रमेशनं विचारलं. मी खडे परत डबीत भरले. "चुकून दुसऱ्या दुकानाची दाळ," म्हणालो. छत्तीस वर्षांत मालाबद्दल खोटं बोललो नव्हतो.

घराच्या मागं न्हाणीघराच्या कामातली उरलेली वाळू पडून आहे. तिथं गेलो. ढिगाऱ्याच्या कडेला कठड्यावर एक जुनी गाळणी. शेजारी फुटक्या कपात थोडं पाणी आणि तळाला पाच-सहा काळे खडे. निवडलेले, धुतलेले.

१७ डिसेंबर, बुधवार

दाळ बघितली नाही. डोळे दुखतात म्हणून सांगितलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

पडून.

वर्ष झालं. वर्षभर रोज सकाळी मान ताठ करून ताट परत देतो. "नऊ निघाले बघ." आणि ती म्हणते, "बाई गं! तुमी होते म्हणून." शेजारणींनाही सांगते. मी मुद्दाम मोठ्यानं आकडा सांगायचो, विकासला ऐकू जावा म्हणून.

कु.ला मूर्ख म्हणतो. त्याला निदान भात मिळतो.

आणि पारखी म्हणवतो स्वतःला! तळहातावर तूर घेऊन शिवार सांगणारा माणूस, खडा मात्र एकदाही हातात धरून बघितला नाही. सापडला याच आनंदात. असल्या माणसाला मोंढ्यातून काढलं ते बरंच झालं.

कु. येण्याच्या कितीतरी आधीपासून चाललंय हे. म्हणजे लेकीनं आईला शिकवलेलं नाही. आईला येतच होतं.

संध्याकाळी वर्षा दारात उभी. "आप्पा, माझं काही चुकलं का?" मी भिंतीकडं बघत राहिलो. मग "दाळ तशीच ठेवलीय," म्हणाली आणि गेली. जेवताना विकासनं विचारलं, आज पिठलं कसं काय?

१९ डिसेंबर, शुक्रवार

वर्षाचे डोळे सुजलेले. शाळेच्या घाईत वांगं भरायचं विसरली.

दुपारी मी भिंतीकडं तोंड करून. थोड्या वेळानं वळून बघितलं तर कु.पण. तसंच, भिंतीकडं तोंड, पाठ घराकडं. वांगं पुढ्यात रिकामं. हाक मारली तर एक कान हलवला, बस. त्याच्या ताटलीत वर्षानं सकाळी ठेवलेला भात तसाच, वर माशा.

दोघांनी एकाच खोलीत एकाच भिंतीकडं बघत बसायचं हे मला सहन झालं नाही. ती भिंत माझी आहे.

उठलो. ताटलीतला भात टाकून दिला. ताजी भाकर कुस्करली, कूट, थोडं दही. वांग्यात भरायला बसलो. वाटतं तेवढं सोपं नाही. सैल भरलं तर एका आपटीत निघतं, म्हणून अंगठ्यानं दाबावं लागतं, कोपऱ्यात गाजराची चकती आडवी बसवावी लागते. पंचवीस मिनिटं गेली. ते शेजारी बसून माझ्या हाताकडं बघत होतं, लाळ गाळत. सगळं त्याच्यासमोर भरलं. भाकर कुणी कोंबली, कुठं कोंबली, सगळं त्यानं बघितलं.

आणि तरी खाली ठेवल्यावर शेपटी तशीच. त्याला माहीत होतं. त्याला त्याचं काही नव्हतं.

मूर्ख, असं लिहिणार होतो.

मग त्या खड्यांचा विचार येत राहिला. सगळे काळेच का? वाळूत पांढरे असतात, पिवळे असतात, तांबडे असतात. पिवळ्या दाळीत माझ्या डोळ्यांना दिसावेत म्हणून ती काळे शोधत होती. सकाळी साडेपाचला, डबे करायच्या आधी, वाळूच्या ढिगाऱ्यावर वाकून. हे कळलं आणि रडू आलं. कु. सोडून कुणी बघितलं नाही.

२० डिसेंबर, शनिवार

दाळ मागून घेतली. वर्षानं ताट आणून पलंगावर ठेवलं. परवापासूनचीच होती. अकरा निघाले. आकडा मोठ्यानं सांगितला नाही.

ती आंघोळीला गेल्यावर अकराच्या अकरा खडे धुतले, पुसले, गोळ्यांच्या डबीतले जुने खडे वाळूत ओतून तिच्यात घातले, आणि डबी स्वयंपाकघरात दाळीच्या डब्याला खेटून ठेवली. थंडीचे दिवस आहेत. तिनं रोज वाळूत हात घालायची काही गरज नाही.

डबी दिसायला हवी अशीच ठेवली. बघू काय करते.

२१ डिसेंबर, रविवार

आज वरण नाही, मटण आहे. दाळीला सुट्टी. डबी जागेवर. वर्षा दिवसभर माझ्याशी बोलली नाही, पण मटणाची नळी माझ्या ताटात वाढली. ती नेहमी विकासची असते.

ऋतूचा फोन. तिनं विचारलं, बिस्किट कसा आहे? म्हणालो, तुझ्या आईला विचार, मला काय त्याचं.

२२ डिसेंबर, सोमवार

सकाळी डबी रिकामी.

सात वाजता वर्षा ताट घेऊन आली, पलंगावर ठेवलं. पदराला हात पुसत म्हणाली, "आप्पा, आज जरा बारकाईनं बघा हं. ही दाळ लय बदमाश दिसायलीय." माझ्याकडं न बघता बोलली. मीही ताटाकडंच बघत होतो. "बघतो," म्हणालो.

ती शाळेत गेली.

साडेनऊपर्यंत दहा काढले. सगळे माझे, ओळखीचे काळे. पण डबीत अकरा होते. ताट तीन वेळा फिरवलं, ओळी लावल्या, बोटानं दाणा न दाणा सरकवला. अकरावा काळा नाही. अर्धा तास डोक्याला हात लावून बसलो, मग लक्षात आलं. वाळूत पिवळेही असतात.

जमायला लागलं की अवघड करायचं. वा, मास्तरीणबाई.

वरण संध्याकाळी. खडा दाळीच्या रंगाचा, दाळीच्या मापाचा, आणि मी नाही काढला तर विकासच्या दाताखाली जाणार. खाली कु. बर्फाचं वांगं घेऊन बसलंय, सकाळपासून खडखड खडखड, लक्ष लागू देत नाही. त्याचं माझ्या आधी संपता कामा नये.

चष्मा पुसला. ताट खिडकीजवळ उजेडाला घेतो.